फोन केला, मत पडलं. पण फोनमुळे पडलं का?

पीएचडीच्या पहिल्या सेमिनारला मी एक तक्ता दाखवला होता. लसीकरणाची आठवण करून देणारे फोन काही घरांना गेले होते. ज्यांनी फोन उचलला त्यांच्यापैकी बरेच जण केंद्रावर आले. ज्यांनी उचलला नाही त्यांच्यापैकी कमी आले. खाली मी ठळक अक्षरांत निष्कर्ष लिहिला: फोनचा उपयोग होतो. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "फोन उचलणारी माणसं मुळातच वेगळी नसतील कशावरून?" एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करूनही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर वाचताना कळलं की अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर जवळपास शंभर वर्षं डोकं घासलंय. त्यांचा विषय वेगळा होता: लोकांना "मतदानाला जा" असं सांगणं, आणि अलीकडे "मतदानाच्या दिवसाची वाट बघू नका, आधीच मत देऊन टाका" असं सांगणं. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर विषय कुठलाही असो, हा इतिहास तुमच्या कामाचा आहे.

सुरुवात शिकागोत झाली. १९२४ साली हॅरॉल्ड गॉस्नेल यांनी सुमारे ६,००० प्रौढ नागरिक घेतले. काहींना नोंदणीची आणि मतदानाची आठवण करून देणारी कार्डं पाठवली, काहींना नाही. स्थलांतरितांच्या वस्त्या होत्या म्हणून इंग्रजीखेरीज पोलिश, चेक, इटालियन भाषांतही मजकूर छापला. वाटणी आजच्यासारखी काटेकोर रँडम नव्हती. पण "ज्यांना काहीच पाठवलं नाही, त्यांचं काय झालं?" हा प्रश्न त्यांनी विचारला. पुढे १९५३-५४ मध्ये सॅम्युएल एल्डर्सवेल्ड यांनी अ‍ॅन आर्बर शहरात टपाल, फोन आणि प्रत्यक्ष भेट यांची तुलना केली. मग ही वाट बरीच वर्षं जवळपास ओस पडली. सर्वेक्षण घ्यायचं, "पक्षाचा कुणी तुम्हाला भेटला का?" विचारायचं आणि भेटलेल्यांची न भेटलेल्यांशी तुलना करायची, हीच रीत झाली. थोडक्यात, माझा तो तक्ता.

१९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात सुमारे ३०,००० नोंदणीकृत मतदारांवर प्रयोग केला. कुणाकडे जायचं, कुणाला पत्र, कुणाला फोन आणि कुणाला काहीच नाही, हे नशिबावर, म्हणजे रँडम पद्धतीने ठरवलं. २००० साली निकाल छापून आला. दारात येऊन बोलणाऱ्या माणसाचा परिणाम मोठा होता, पत्राचा किंचित, आणि व्यावसायिक कंपनीकडून केलेल्या फोनचा जवळपास शून्य. फोनवर पैसा ओतणाऱ्यांना हे आवडणं शक्यच नव्हतं.

आता या प्रयोगातलं गणित बघा. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत. दोन गट, प्रत्येकी १,००० मतदार. पहिल्या गटाला फोन केले. ४०० जणांनी उचलला, त्यातल्या २६० जणांनी मत दिलं. न उचलणारे ६००, त्यांच्यापैकीही २६० जणांनी दिलं. उचलणाऱ्यांत ६५ टक्के, न उचलणाऱ्यांत सुमारे ४३ टक्के. फरक २२चा, वाटतं फोनने कमाल केली. पण दुसऱ्या गटाला एकही फोन केला नव्हता आणि तिथे ५०० जणांनी मत दिलं. पहिल्या गटात एकूण ५२०. म्हणजे खरा फरक २० मतांचा. ही २० मतं फोन उचललेल्या ४०० जणांमधूनच आली असणार, म्हणून त्यांच्यावरचा परिणाम ५ टक्के. बाकीचा १७चा फरक फोनचा नाही, माणसांचा आहे. घरी सापडणारा, अनोळखी नंबर उचलणारा, दोन मिनिटं ऐकून घेणारा माणूस तसाही मत देण्याची शक्यता जास्त असते.

गोष्ट इथे संपली नाही. २००५ मध्ये कोसुके इमाई यांनी दाखवलं की न्यू हेवनच्या फोनच्या गटाची वाटणी नीट रँडम दिसत नाही. त्यांनी मॅचिंग वापरलं, म्हणजे फोन पोहोचलेल्या प्रत्येकासाठी वय, पक्ष, आधीचं मतदान अशा बाबतीत जुळणारा, फोन न पोहोचलेला जोडीदार शोधला. तेव्हा फोनचा परिणाम ५ टक्क्यांच्या आसपास निघाला. गर्बर-ग्रीन यांनी आपल्या डेटातल्या चुका जाहीरपणे मान्य करून दुरुस्त केल्या. तरी त्यांचं उत्तर शून्याजवळच राहिलं.

मग कोण बरोबर? आयोवा आणि मिशिगनमध्ये २००२च्या निवडणुकीत दहा लाखांहून जास्त मतदारांवर असाच फोनचा प्रयोग झाला होता. केविन आर्सेनो, गर्बर आणि ग्रीन यांनी २००६ मध्ये त्याच डेटावर दोन्ही रीती चालवल्या. रँडम वाटणीनुसार परिणाम नगण्य होता. मॅचिंगने तो फुगवून दाखवला. जोड्या कितीही जुळवा, "फोन उचलण्याचा स्वभाव" हा रकाना मतदार यादीत नसतो. मला हा पेपर वाचताना घाम फुटला होता, कारण सेमिनारनंतर मीही मॅचिंग करूनच सुटका करून घ्यायचं ठरवलं होतं.

याचा अर्थ फोन निरुपयोगी, असाही नाही. डेव्हिड निकरसन यांनी आठ प्रयोगांत दाखवलं की घाई न करता बोलणाऱ्या स्वयंसेवकांचे फोन मतदान वाढवतात. पुढे त्यांनी टॉड रॉजर्स यांच्यासह २००८च्या पेनसिल्व्हेनियातल्या प्राथमिक निवडणुकीत २,८७,०००हून जास्त लोकांचा प्रयोग केला. काही फोनवर विचारलं: किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल? नुसत्या आवाहनापेक्षा या प्रश्नांनी जास्त काम केलं, तेही मुख्यतः एकच मतदार असलेल्या घरांत.

आता "आधी मत द्या" या फोनकडे या. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये कारण न देता टपाली मत देण्याची मुभा दिली, टेक्सासने १९८०च्या दशकाच्या अखेरीस केंद्रावर आगाऊ मतदान सुरू केलं, आणि ओरेगॉनच्या मतदारांनी १९९८ मध्ये सगळं मतदान टपालाने घ्यायचं ठरवलं. २०२० मध्ये देशभरात १० कोटींच्या आसपास मतं निवडणुकीच्या दिवसाआधी पडली. प्रचारकांना याचं आकर्षण का? अनेक राज्यांत कुणी मत दिलं (कुणाला दिलं हे नाही) याची यादी मतदान चालू असतानाच मिळत राहते. मत पडलं की नाव फोनच्या यादीतून वगळायचं आणि उरलेला वेळ बाकीच्यांवर घालवायचा. आपल्याकडे मतदानाच्या दुपारी बूथवरचा कार्यकर्ता यादीवर खुणा करत "अजून कोण राहिलं?" बघतो ना, तेच काम तिथे कित्येक दिवस चालतं.

पण इथेच संशोधकासाठी नवा सापळा आहे. फोननंतर आगाऊ मतदान वाढलं, म्हणून मतदान वाढलं असं होत नाही. मंगळवारी जाणारच होता तो माणूस आदल्या गुरुवारी गेला असेल, तर मत तेच, तारीख वेगळी. प्रचारकाचे कष्ट वाचले, लोकशाहीत एक माणूसही वाढला नाही. बॅरी बर्डन आणि त्यांच्या विस्कॉन्सिनमधल्या सहकाऱ्यांनी तर २०१४ मध्ये मांडलं की नुसती आगाऊ मतदानाची सोय एकूण मतदान थोडं कमीच करते, कारण त्या एका दिवसाची सार्वजनिक गडबड, ओढ विरून जाते. त्याच दिवशी नोंदणीची सोय असेल तिथे मात्र मतदान वाढतं.

तेव्हा तुमच्या डेटावर बसण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहून ठेवा. ज्यांच्यापर्यंत मी पोहोचलो नाही, ते कुठे मोजले? कोणाला काय मिळणार हे कुणी ठरवलं: मी, ते, की नशिबाने? आणि मी मोजतोय ती गोष्ट वाढली, की फक्त आधी झाली?

तिसरा प्रश्न मला सेमिनारमध्ये कुणी विचारला नव्हता. घरी येऊन मीच तपासला. माझ्या तक्त्यातली बरीच मुलं पुढच्या महिन्यात, फोन न उचलताही, केंद्रावर आली होती.