मत्स्यव्यक्तिमत्त्वमापन
एकाच जातीच्या माशांमध्ये व्यक्तिपरत्वे आढळणाऱ्या व कालांतरानेही टिकून राहणाऱ्या स्वभावभेदांची चलच्चित्रण व संगणक यांच्या साहाय्याने केलेली मोजदाद. एकाच हौदात वाढलेल्या माशांपैकी एखादा अपरिचित वस्तूकडे निःशंकपणे जातो, तर दुसरा कोपरा धरून राहतो; ही तफावत पुनःपुन्हा प्रत्ययास आली, तरच तिला ‘व्यक्तिमत्त्व’ ही संज्ञा लागू होते. रेआल प्रभृती संशोधकांनी 2007 मध्ये प्राणिस्वभावाची धाडस, शोधकवृत्ती, क्रियाशीलता, आक्रमकता व संगतिप्रियता अशी पाच अंगे सांगितली.

पद्धती : हौदावर कॅमेरा व तळाशी अवरक्त दिवा यांची तजवीज करून, प्रत्येक चित्रचौकटीतून रिकाम्या हौदाची पार्श्वभूमी वजा केली, म्हणजे माशाची आकृती उरते व तिचा मध्यबिंदू काढता येतो; त्याच्या क्रमिक स्थानांवरून वेग व भिंतीपासूनचे अंतर निघते. खोली मोजण्यासाठी मात्र बाजूने चित्रण करावे लागते. नव्या टाकीत सोडलेला झेब्रा मासा प्रथम तळ गाठतो. त्याला वरच्या भागात येण्यास लागणारा वेळ हे भित्रेपणाचे एक माप होय. आक्रमकतेसाठी आरसा आणि संगतिप्रियतेसाठी काचेपलीकडील थवा योजतात. अनेक मासे एकत्र असता त्यांची ओळख परस्परांत मिसळते. 2014 मधील ‘आयडीट्रॅकर’ या प्रणालीने प्रत्येकाच्या प्रतिमेतील वैशिष्ट्यांवरून या अडचणीवर तोड काढली.

विश्वसनीयता : एकूण विचलनापैकी व्यक्ति-व्यक्तींमधील भेदांचा वाटा म्हणजे पुनरावृत्तिक्षमता; 2009 च्या एका संकलनात विविध प्राण्यांच्या वर्तनासाठी तिची सरासरी सुमारे 0.37 आढळली. चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीच्या पेठेत चांदीचा टंच जसा केवळ चकाकीवरून ठरवीत नाहीत, तसा एका चित्रणावरून माशाचा स्वभाव ठरविता येत नाही. भूक, तापमान व प्रकाश यांचा प्रभाव वगळण्यासाठी चाचणी अनेकवार घ्यावी लागते. ॲमेझॉन मोली या माशाच्या जनुकीयदृष्ट्या एकरूप पिलांमध्येही, जवळजवळ समान परिस्थितीत वाढवूनही, स्वभावभेद राहतात, असे 2017 मध्ये दिसून आले.

उपयोग व मर्यादा : झेब्रा मासा मूळचा भारतीय उपखंडातील असून कोलकात्याच्या आयसर संस्थेत त्याच्या रानटी समूहांतील धाडसाचा अभ्यास झालेला आहे. प्रदूषण ओळखण्यासाठीही हे मापन उपयोगी पडू शकते. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीतील प्रदूषणाचा बोभाटा बहुधा मेलेले मासे तरंगू लागल्यावर होतो. वर्तनातील बिघाड मात्र मृत्यूपूर्वीच दिसू शकतो. हुपरीचा धंदा ज्या चांदीवर चालतो, तिचे विद्राव्य आयनही माशांना अपायकारक असून ते कल्ल्यांतून होणारे सोडियमचे शोषण रोखतात. परंतु माशांच्या वर्तनावरून पाण्याची परीक्षा करताना ते मासे कसे धरले, याची नोंद आवश्यक ठरते. कारण उत्तर अमेरिकेतील पम्पकिनसीड माशांवरील 1993 च्या अभ्यासात सापळ्यात शिरलेले मासे जाळे ओढून धरलेल्यांहून धीट निघाले. तेव्हा सापळ्यातील माशांवरूनच नदीचा निवाडा केल्यास भित्र्यांची साक्ष कधीच रुजू होत नाही.