फसविण्याच्या धंद्यांतील सचोटी

जादूगार रंगमंचावर आपल्याला फसवितो आणि आपण टाळ्या वाजवितों. त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाहीं. कारण आपण फसणार आहों हें ठाऊक असूनच आपण तिकीट काढलेलें असतें. परंतु हाच जादूगार जेव्हां जादूचें सामान विकणाऱ्या दुकानाची पायरी चढतो, तेव्हां तो गिऱ्हाईक असतो. तेथें त्याची फसवणूक झाली, तर तिला कला म्हणावयाचें कीं लबाडी? प्रश्न वरवर मौजेचा दिसतो. पण ज्या मालाचें मर्मच गुप्त आहे, त्याचा व्यापार सचोटीनें कसा करावा, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न पुष्कळ मोठा आहे.

बहुतेक जादूगार आपल्या सर्व युक्त्या स्वतः शोधून काढीत नाहींत. कित्येक ते विकत घेतात. एकोणिसाव्या शतकांत युरोप व अमेरिका येथील मोठ्या शहरांतून हा माल विकणारीं दुकानें नांवारूपास आलीं. न्यूयॉर्कमध्यें मार्टिंका बंधूंचें दुकान होतें. लंडनमध्यें लुइस डेव्हनपोर्ट यानें १८९८ सालीं आपला धंदा सुरू केला. मार्टिंका यांच्या दुकानाच्या मागच्या खोलींत जादूगारांची बैठक जमे, आणि तेथेंच १९०२ च्या मे महिन्यांत अमेरिकन जादूगारांची संस्था स्थापन झाली. अशा दुकानांत विकणारा पुष्कळदां स्वतःच कसलेला जादूगार असे. तो समोर युक्ती करून दाखवी. गिऱ्हाईक चकित होई, पैसे मोजी, आणि मगच त्याला मर्म सांगितलें जाई. प्रयोग हीच तेथें जाहिरात होती. रहस्य कळलें नसलें, तरी ती युक्ती किती अंतरावरून, कोणत्या बाजूनें व किती उजेडांत साधते, हें गिऱ्हाइकानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असे.

सूचिपत्रें व टपाल यांनीं हा संबंध बदलून टाकला. दूरच्या गांवच्या हौशी माणसापुढें आतां प्रयोग नव्हता. होत्या केवळ चार छापील ओळी. त्यांत मर्म सांगावें तर माल फुकट गेला. न सांगावें तर गिऱ्हाइकानें डोळे मिटून पैसे पाठवावयाचे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानें १९६२ सालीं ज्ञानाच्या खरेदीविक्रीविषयीं हीच अडचण मांडली. माहिती हातीं येईपर्यंत तिची किंमत कळत नाहीं, आणि ती हातीं आली म्हणजे विकत घेण्याचें कारणच उरत नाहीं. जादूच्या विक्रेत्यांना हें कोडें त्याच्या कितीतरी आधींपासून रोजच्या व्यवहारांत भेटत होतें.

ह्या अडचणीच्या आडोशानें एकही खोटा शब्द न लिहितां फसवितां येतें. समजा, जाहिरात म्हणते, ‘प्रेक्षकाची अंगठी नाहींशी होऊन लिंबांत सांपडते.’ तसें होतेंही. मात्र अंगठी देणारा प्रेक्षक जादूगाराचाच माणूस असावा लागतो, हें तींत नसतें. ‘पेटी तपासून पाहतां येते,’ हेंही खरें. पण खेळाच्या आधीं कीं नंतर? ‘हातचलाखीची गरज नाहीं’. पण तासभराची पूर्वतयारी लागते त्याचें काय? माझ्या मतें सीमारेषा येथेंच आहे. मर्म झांकणें हा विक्रेत्याचा हक्क होय. प्रयोगाच्या अटी झांकणें ही लबाडी होय.

कायद्याचा येथें कितपत आधार मिळतो? जॉन नेव्हिल मॅस्केलिन ह्या विख्यात इंग्रज जादूगारानें आपल्या पेटीच्या खेळाची हुबेहूब नक्कल करणारास ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें. दोघांनीं तशी पेटी तयार केली. मॅस्केलिननें ती मानली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें, आणि मॅस्केलिन हरला. जाहीर दिलेला शब्द जादूगारालाही बांधतो, हें त्यावरून दिसलें.

परंतु जो कायदा दिलेला शब्द पाळावयास लावतो, त्याला गुपित राखतां येत नाहीं. १९२१ च्या जानेवारींत पी. टी. सेल्बिट यानें लंडनमध्यें पेटींतील बाई करवतीनें कापण्याचा खेळ लोकांपुढें केला. अमेरिकेंत होरेस गोल्डिन यानें तसाच खेळ बसवून १९२३ सालीं आपल्या रचनेचें पेटंट घेतलें. पण पेटंट म्हणजे कृतीचें सरकारदप्तरीं जाहीर वर्णन! पुढें १९३३ सालीं कॅमल सिगारेटच्या जाहिरातींनीं जादूगारांचीं मर्में उघड करण्याचा सपाटा लावला; त्यांत हा खेळही आला. गोल्डिननें फिर्याद केली, ती १९३८ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत फेटाळली गेली. पेटंटाच्या कागदांत जें कोणालाही वाचावयास मोकळें आहे, तें गुपित कसलें? तेव्हां विक्रेता तोंड मिटून बसतो तो नेहमींच दुष्टपणानें नव्हे; त्याच्या मालाला मौनाखेरीज दुसरें कुंपण नाहीं.

मग उरतो तो तिसऱ्या माणसाचा शब्द. १९०२ ते १९५३ पर्यंत निघालेलें ‘स्फिंक्स’, किंवा थिओडोर ॲनमन याचें १९३४ ते १९४१ पर्यंतचें ‘जिंक्स’, अशीं खास जादूगारांचीं नियतकालिकें होतीं. मर्म न फोडतां ‘ही युक्ती मोठ्या सभागृहांत चालेल, दिवाणखान्यांत नाहीं’ एवढें सांगणारा परीक्षक अशा पत्रांतून गिऱ्हाइकाचे पैसे वांचवूं शकतो. मात्र अशीं पत्रें विक्रेत्यांच्या जाहिरातींवर जगूं लागलीं, तर परीक्षकाची लेखणी जड होते.

आज युक्तीचा चलत्‌चित्रपट घरबसल्या पाहावयास मिळतो. जुन्या दुकानांतला प्रयोग परत आला असें वाटतें. पण दुकानांत डोळा गिऱ्हाइकाचा होता, येथें तो कॅमेऱ्याचा आहे, आणि कॅमेरा कोठें ठेवावा व कोणता भाग कापावा हें विक्रेता ठरवितो. म्हणून जुनी कसोटी अजून उपयोगी आहे. कोणतीही न पाहिलेली वस्तु घेतांना तिचें गुपित विचारूं नये. ती केव्हां, कोठें व कोणाच्या मदतीनें चालते, एवढें मात्र अवश्य विचारावें. ज्याचा माल चोख आहे, त्याला ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यास अडचण पडूं नये.