चांदीची रेघ

नवापूरहून धुळ्याकडे निघालात की कोंडाईबारी घाटापलीकडे साक्री तालुका लागतो. तिथे २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला.

स्फटिक सिलिकॉनच्या पॅनेलवरच्या बारीक रेघा पाहिल्यात? चांदीची भुकटी आणि काचेची पूड मिसळलेली शाई जाळीतून छापतात, लग्नपत्रिका छापावी तशी, आणि मग भट्टीत पक्की करतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने उखळी तोफांच्या गोळ्यांतल्या फ्यूजसाठी सिरॅमिकवर अशीच चांदी छापली होती. युद्ध संपलं, शाई उरली.

आजीचे चांदीचे कडे मोडले तरी सोनार ते वितळवतो, चांदी घरात राहते. पॅनेल मोडल्यावर? २०२२च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आले. पण भट्टीत चिकटलेली ही रेघ सोडवणं कड्याइतकं सोपं नाही.