आबिद अलीचा चौकार, गुजरी बाजारातून

काचीगुड्याहून मनमाडकडे निघालेली मीटरगेजची गाडी परभणीच्या फलाटाला लागते आणि डोळ्यात गेलेला कोळशाचा कण चोळत तुम्ही खाली उतरता. तारीख 24 ऑगस्ट 1971, वार मंगळवार, गणेश चतुर्थी. स्टेशनबाहेर टांगे उभे आहेत, पण आज त्यांत माणसांना जागा मिळणं कठीण. एकेका टांग्यात मांडीवर गणपती घेतलेला बाप, शेजारी पूजेचं सामान सांभाळणारी आई आणि पुढे टांगेवाल्याजवळ दाटीवाटीने पोरं. तुम्ही आपले स्टेशन रोडने पायीच निघा. चार वाजायच्या आत गुजरी बाजार गाठायचा आहे.

ही परभणी तुमच्या ओळखीच्या परभणीपेक्षा मोठी आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी अजून याच जिल्ह्यात आहेत. हिंगोली वेगळी व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागेल. परतूरही इथलंच. कृषी महाविद्यालय आहे, विद्यापीठ पुढच्या वर्षी मे महिन्यात होईल. आणि निजामाचं राज्य जाऊन अजून पुरती तेवीस वर्षंही झालेली नाहीत. पस्तिशी-चाळिशीच्या पुढचा जो कुणी भेटेल त्याची शाळा उर्दूतून झालेली असायची. एवढं ध्यानात ठेवा, संध्याकाळी सव्वासातला लागणार आहे.

टेलरमास्तरांचं दुकान शोधावं लागत नाही, बाहेर चपलांचा ढीग दिसतो. आत कटिंगच्या टेबलावर, शिवायच्या राहिलेल्या कापडांच्या मधोमध, चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर. त्याच्या एरियलला बांधलेली तांब्याची तार खिडकीतून वर पत्र्यावर गेलीय. ट्रान्झिस्टरच्या खाली पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक ठेवलंय, कुणी तपासायला आलं तर लगेच दाखवता यावं म्हणून.

“या पाव्हणं, बसा. दारात उभं नका ऱ्हाऊ, आवाज यायना झालाय.”

तुम्ही सरकत सरकत आत जाता. बीबीसीचा शॉर्टवेव्हवरचा आवाज जवळ येतो, लांब जातो, खरखरीत बुडतो आणि पुन्हा वर येतो. इंग्रजी कळणारा माणूस एकच, हायस्कूलचे सर. त्यांना स्टूल दिलंय, कान ट्रान्झिस्टरला लावून ते बसलेत आणि ऐकलेलं मराठीत सांगतायत. बाळ ज. पंडितांचं मुंबईच्या सामन्यांचं मराठी धावतं वर्णन सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे सरांकडूनही तशाच ऐटीची अपेक्षा आहे. भिंतीवर खिळ्याला काळ्या अस्तराचा तुकडा टांगलाय. कृषी महाविद्यालयातला एक पोरगा कापडावर रेघा मारायच्या खडूने त्यावर आकडे लिहितोय. वर लिहिलंय जिंकायचं लक्ष्य, 173. त्याखाली 76, दोन बाद. त्याखाली, दोनदा गिरवून, 97.

इंग्लंडविरुद्धच्या ओव्हलवरच्या या कसोटीचे पाच दिवस परभणीने सणांच्या हिशेबाने मोजलेत. गुरुवारी सुरू झाली. शुक्रवारी पोळा होता. इथे झुली पांघरून, शिंगांना बेगड लावून बैलं मारुतीला नेली, आणि तिकडे लंडनात दिवसभर पाऊस, एक चेंडू पडला नाही. शनिवारी फारुख इंजिनीयर आणि सरदेसाई यांनी पन्नाशी ओलांडून डाव सावरला, तरी इंग्लंडच्या 355 ला आपलं उत्तर 284. म्हणजे 71 ने मागेच. रविवारी सुट्टी. काल सोमवारी हरतालिका, घरातल्या बाया निर्जळी उपास धरून बसलेल्या आणि इंग्लंडचा अख्खा डाव 101 मध्ये आटोपला. चंद्रशेखरने 38 धावांत सहा घेतले. पोलिओने लहानपणीच वाळलेला त्याचा उजवा हात, त्याच हाताने. एड्रिच शून्यावर त्रिफळाचीत, लगेच पुढच्या चेंडूवर फ्लेचर झेलबाद. सोलकरने नॉटचा जो झेल फॉरवर्ड शॉर्टलेगला जमिनीलगत झेपावून घेतला, तो सरांना काल चारदा सांगावा लागला आणि आता तुमच्यासाठी पाचव्यांदा सांगतायत, हात पुढे टाकून, स्टुलावरून घसरत.

चार वाजतात. खेळ सुरू.

आणि सरांचा चेहरा उतरतो. बोलत काहीच नाहीत.

“काय झालं सर? सर?”

“कॅप्टन गेला. धावचीत.”

वाडेकर कालच्या 45 वरच बाद. रात्रीच्या धावसंख्येत एकाचीही भर नाही. पोरगा खडूने तीन बाद लिहितो तेव्हा त्याचा हात बघा, तीनचा आकडा वाकडा आलाय. तुम्हाला आणखी एक माहीत आहे आणि ते इथे चुकूनही सांगू नका: तिकडे वाडेकर ड्रेसिंगरूममध्ये जाऊन झोपी गेलाय. सामना संपल्यावर त्याला केन बॅरिंग्टन उठवणार आहे. गुजरी बाजारात हे कळलं तर आत्ताच्या आत्ता कुणीतरी कर्णधार बदलेल.

पुढचे दोन तास धावांसाठी फार कोरडे जातात. अंडरवूड अचूक टाकतोय, सरदेसाई आणि विश्वनाथ एक-एक करत सरकतायत. हा पाठलाग 101 षटकं चालला. आजच्या प्रेक्षकाला तो आकडा सांगितला तर खरा वाटणार नाही. पण अशा संथ खेळात ऐकणारा जितका गुंततो तितका षटकारांच्या पावसात गुंतत नाही, असं मी मनापासून म्हणतो. प्रत्येक चेंडूला मास्तर शिलाई मशीनचं पायडल थांबवतायत. चेंडू पडून गेला की चार टाके, पुन्हा थांबले. सरदेसाई 40 वर जातो, सोलकर एकच काढून परततो. पाच बाद 134. कुणीतरी पुटपुटतं की लीड्सला 1952 साली आपले शून्यावर चार गेले होते. त्याला सगळे मिळून गप्प करतात. 1959 ला पाचच्या पाच हरलो, 1967 ला तिन्ही. 1932 पासून विलायतेत एक कसोटी जिंकलेली नाही, आणि समोरचा इंग्लंडचा संघ ओळीने 26 कसोट्या कुणाला हरलेला नाही.

सहा वाजता तिकडे जेवणाची सुट्टी होते, इकडे चहा येतो.

आता कोपऱ्यातल्या चाचांकडे बघा. निजामाच्या वेळेपासून महसूल खात्यात कारकुनी केलेले, आता पेन्शनीवर. इतका वेळ त्यांनी तोंड उघडलेलं नाही. पोरं वेस्ट इंडीजच्या गोष्टींत रमलीयत. फेब्रुवारी ते एप्रिल तिथल्या सामन्यांनाही असंच कान लावून बसले होते: किंग्स्टनला सरदेसाईचे 212, पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुराणीने शून्यावर उडवलेला सोबर्स, आणि गावसकर नावाच्या नव्या पोराच्या चार कसोट्यांत 774 धावा. आपल्या वाडेकरने, आपल्या गावसकरने, आपल्या सोलकरने, असं चाललंय. सोलकरचा बाप हिंदू जिमखान्याचा माळी, हे सांगताना पोरांचा ऊर भरून येतो. सगळे मुंबईचे, म्हणून सगळे आपले.

“हौ, सब मुंबई के,” चाचा कप खाली ठेवत म्हणतात. “और कल डॉलिव्हेराचा कॅच कुणी घेतला?”

पोरगा वही बघतो. बदली खेळाडू, जयंतीलाल.

“कुठला?”

कुणी बोलत नाही.

“हैदराबादचा. आबिद अली कुठला? कृष्णमूर्ती कुठला? गोविंदराज?”

आणि मग चाचा बोलू लागतात, अर्धं मराठी, अर्धं दखनी. परभणीच्या पोरांनी शिकायचं म्हणजे गाडी हैदराबादचीच धरायची, पुण्या-मुंबईची नाही. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचं आणि फतेह मैदानावर क्रिकेटचे सामने बघायचे. त्या मैदानावरच्या स्टेडियमला आता लालबहादूर शास्त्रींचं नाव आहे, चाचांच्या तोंडी अजून फतेह मैदानच आहे. राज्य बदललं, सरकारी कागदाची भाषा बदलली, जिल्हा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. यातल्या कशाबद्दलही त्यांची तक्रार नाही. फक्त पोरं ‘आपले’ म्हणतात तेव्हा त्यांच्या तरुणपणातलं अर्धं मैदान त्यात धरलेलं नसतं.

मला वाटतं, या विजयाबद्दल आजवर जे लिहिलं गेलं त्यात नेमकी हीच गोष्ट सुटली. मुंबईच्या शाळा-कॉलेजांतल्या स्पर्धा, शिवाजी पार्क, विजय मर्चंटांच्या एका निर्णायक मताने झालेली वाडेकरची निवड, हे सगळं आलं आणि ते रास्तच आहे. पण मराठवाड्यातल्या माणसाला या संघात आपली दोन घरं एकाच वेळी दिसत होती. जिथे आता राहतो ते, आणि बापाने जिथून पत्रं लिहिली ते. असा संघ निवडून मिळत नाही. 1971 च्या उन्हाळ्यात तो जुळून आला.

चहा संपेपर्यंत तुमच्याकडची एक खबर खुशाल सांगून टाका. ओव्हलवर भारतीय मंडळींनी चेसिंग्टनच्या प्राणीसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणली आहे, चतुर्थीचा शकुन म्हणून. तुम्हाला हे कसं कळलं, असं एकजणही विचारत नाही. आजच्या दिवशी मैदानात हत्ती येणार नाही तर काय, असाच सगळ्यांचा चेहरा.

पावणेसातला खेळ पुन्हा लागलेला असतो आणि खरी अडचण उभी राहते. चौकातल्या मंडळाची आरती. लाउडस्पीकर लागला की ट्रान्झिस्टर संपला. दोन पोरं धावत जातात, पाठोपाठ मंडळाचे काका दारात.

“देवाची आरती किरकेटसाठी थांबत नसती, सांगून ठेवतो.”

“काका, फक्त वीस राहिल्यात.”

“किती गेलेत?”

“पाचच.”

काका आत येऊन उभे राहतात. बाहेर जाऊन लाउडस्पीकर काढायला सांगतात आणि परत येऊन उभे राहतात. आरती सुरू होते, नुसत्या टाळ-झांजेवर, जरा दबक्या आवाजात. अंधार पडलाय. चतुर्थीचा चंद्र बघायचा नसतो म्हणून रस्त्यावरचे लोक मान खाली घालून चाललेत, आणि मान खाली घालूनच दुकानापाशी विचारतायत, किती राहिल्या?

इंजिनीयर चांगला खेळतोय. सरांचा आवाज चढायला लागलाय. आणि विश्वनाथ, जवळजवळ तीन तास टिकून 33 केलेला विश्वनाथ, जिंकायला तीन हवे असताना झेल देऊन जातो. सहा बाद 170. खडू थांबतो.

“आता कोण?”

सर कान आणखी जवळ नेतात. “आबिद अली.”

चाचा उठून उभे राहतात. गुडघे दुखतात म्हणून आल्यापासून जागचे हलले नव्हते ते. भिंतीला एक हात टेकून उभे. इलिंगवर्थने चेंडू लकहर्स्टकडे दिलाय, जो मुळात फलंदाज. काका टोपी काढून हातात धरतात. तुम्हाला निकाल ठाऊक आहे, चेंडू कुठून जाणार तेही ठाऊक आहे, तरी तुमचा श्वास अडकतो.

यानंतर सरांना काही सांगावं लागत नाही. ट्रान्झिस्टरमधून आधी एक टप्प असा आवाज, मग माणसांची गर्जना, निवेदकाचे शब्द त्यात पार वाहून जातात. लंडनात लोक मैदानात घुसलेत, आबिदला त्यांनी खांद्यावर घेतलंय. स्क्वेअर कट, चौकार, चार गडी राखून. घड्याळात सव्वासात.

दुकानात पुढे काय होतं ते नीट क्रमाने सांगता येत नाही. मास्तरांनी कुणाचं तरी अर्धं शिवलेलं ब्लाउज हवेत फेकलंय. पोरगा अस्तराच्या फडक्यावर 174 एवढं मोठं काढतो की खडूचा तुकडा पडतो. काका “मोरया!” ओरडतात, आणि चौकातल्या आरतीतून तितक्याच जोराने उत्तर येतं; लाउडस्पीकर कुणीतरी परत लावलेला आहे. सर, जे वर्गात हसल्याचं कुणाला आठवत नाही, ते चाचांच्या गळ्यात पडून रडतायत. आणि चाचा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतायत, “अपना पोट्टा है वो! अपना पोट्टा!”

“आपलाच की हो चाचा,” पोरगा म्हणतो. या वेळी ‘आपला’ म्हणताना त्याला काही वेगळं करावं लागत नाही.

गूळ-खोबरं वाटलं जातं. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पडतं, त्याला क्रिकेट कळतं की नाही हे न विचारता. तुम्हाला पुढचंही माहीत आहे. हा संघ परतल्यावर मुंबईत उघड्या मोटारीतून मिरवणूक निघेल, इंदूरला सिमेंटची बॅट उभी राहील. पुढच्या वर्षी मराठवाड्यावर असा दुष्काळ पडेल की या दुकानातलेही काहीजण रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जातील. आणि तो दुष्काळ चालू असतानाच इंग्लंडचा संघ भारतात येऊन 2-1 ने हरून जाईल. 1974 ला लॉर्ड्सवर सगळा डाव 42 मध्ये संपेल आणि याच वाडेकरला लोक नको ते बोलतील. यातलं काही बोलू नका. आजची रात्र त्यांची आहे.

तुम्ही निघायला बघता, पण सोडतं कोण. तार करायची ठरलीय. कुणाला, यावर वाद पेटलाय. पोरं म्हणतात कॅप्टनला, थेट ओव्हलवर. विलायतेच्या तारेचा शब्दामागचा दर मास्तर अंदाजाने सांगतात आणि सगळे गप्प होतात. मग सर म्हणतात, हैदराबादला करू, क्रिकेट असोसिएशनच्या पत्त्यावर, फतेह मैदान. आबिद घरी येईलच. मजकूर सर इंग्रजीत लिहितात, शब्द कमी करायला काका ‘हार्दिक’ खोडायला लावतात, चाचा तो परत घालतात आणि त्याचे पैसे स्वतः देतात. नाव कुणाचं टाकायचं? सगळ्यांची टाकली तर तारेचं बिल गणपतीच्या वर्गणीपेक्षा जास्त व्हायचं.

“नुसतं परभणी लिहा,” मास्तर म्हणतात आणि दुकानाच्या फळ्या लावायला घेतात. एव्हाना सगळी मंडळी तारघराच्या वाटेला लागलेली असते, तुमच्याही हाताला धरून.