मतदारयादीतली बाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा माझ्याकडून त्यांना लोणच्याची कृती अपेक्षित असावी. सातवीपर्यंत शिकलेल्या गृहिणीने इतिहास सांगायला बसावे हे थोडे धाडसच. पण आमदार निवडणे हा विषय काही पुढाऱ्यांच्या एकट्याचा नाही. पाणी, रेशन, शाळा, दवाखाना, एस.टी. या ज्या गोष्टींवर आपला दिवस सुखाचा की त्रासाचा हे ठरते, त्यांचे पुष्कळसे कायदे विधानसभेत होतात. त्या सभेत कोणी बसावे हे आपण बायका केव्हापासून ठरवू लागलो, याची हकीकत मी वाचून काढली, ती येथे सांगते.

इंग्रज सरकारने १९१९ साली नवा कायदा केला. त्याआधी एक कमिटी देशभर फिरली आणि हिंदी स्त्रियांना मत देण्याची घाई करू नये, असे सांगून मोकळी झाली. कायद्यात मग एवढेच आले, की ज्या प्रांताच्या कौन्सिलाला हवे असेल त्याने स्त्रियांना मत द्यावे. आपल्या मुंबई इलाख्यात पुण्याच्या सेवासदनच्या रमाबाई रानडे यांच्यासारख्या स्त्रियांनी या मागणीचा पाठपुरावा केला, आणि १९२१ साली मुंबईच्या कौन्सिलाने ती मान्य केली. मात्र मत मिळाले ते ठरावीक सारा किंवा कर भरणाऱ्यांना. आता मला सांगा, त्या काळी किती बायकांच्या नावावर जमीन होती? शिवाय मत द्यायला परवानगी, पण स्वतः निवडून जायला नाही! ती बंदी उठायला १९२६ साल उजाडावे लागले.

पुढे १९३५ च्या कायद्याने मत थोडे पसरले. नवऱ्याची मिळकत पुरेशी असेल तर त्याच्या बायकोला, आणि लिहितावाचता येणाऱ्या बाईलाही मत मिळाले. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या, त्यांतल्या सहा स्त्रियांसाठी राखल्या. १९३७ साली निवडणूक झाली. त्याच वर्षी हंसाबाई मेहता यांनी वरच्या सभागृहासाठी राखीव जागा नाकारली, गिरगावातून सर्वसाधारण जागेवर उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्यांचा बाणेदारपणा मला फार आवडतो. पण सगळ्याच काही हंसाबाई नसतात, म्हणून त्या सहा जागांना नाक मुरडण्याचेही कारण नाही.

खरी मोठी गोष्ट घडली ती स्वातंत्र्यानंतर. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येक माणसाला, बाई असो वा पुरुष, शिकलेला असो वा अडाणी, जमीनवाला असो वा मोलमजूर, एक मत मिळाले. कागदावर हे सोपे, पण मत द्यायचे तर नाव यादीत हवे, आणि घोडे अडले ते इथेच. यादी करणारे कारकून घरोघर गेले, तेव्हा लाखो बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. परक्या पुरुषाला नाव सांगणे त्यांच्याकडे रीतीचे नव्हते. निवडणुकीचे मुख्य आयुक्त सुकुमार सेन यांनी हुकूम काढला, की अशा नोंदी चालणार नाहीत, बाईचे स्वतःचे नाव हवे. देशात त्या वेळी सुमारे आठ कोटी स्त्री-मतदार होत्या. त्यांतल्या जवळजवळ २८ लाख बायकांची नोंद, नाव दिले नाही म्हणून, यादीतून काढून टाकावी लागली. हातीपायी धडधाकट असूनही त्या पहिल्या निवडणुकीला मुकल्या. सेनसाहेब कठोर वागले असे तेव्हा पुष्कळांना वाटले. मला मात्र वाटते, त्यांनी बरोबर केले. ‘अमक्याची बायको’ अशीच नोंद चालू दिली असती, तर पुढच्या पाच निवडणुकाही तशाच गेल्या असत्या.

या बायका बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत अशा उत्तरेकडच्या भागांतल्या होत्या. म्हणून आपण हसायचे कारण नाही. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाण्याच्या आडून घ्यायचे, आणि आपले स्वतःचे नाव तर लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदलून टाकायचे. माहेरची यमुना सासरी येऊन लक्ष्मी झाली, आता यादीत कोण? कित्येक घरांत आजीचे माहेरचे नाव नातवंडांना ठाऊक नसते.

पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चार महिने चालली. आजच्यासारखे बटण नव्हते, शिक्काही नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने पडद्याआड जायचे आणि मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. अक्षर न येणाऱ्या बाईलाही चिन्ह ओळखता येई, हा त्यातला मोठा सोयीचा भाग. लाखो पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. शिक्का मारण्याची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत आली ती १९६२ साली.

त्या पहिल्याच निवडणुकीत एक नवल घडले. मुंबई राज्याचे मोठे पुढारी मोरारजी देसाई गुजरातेतल्या बलसाड-चिखली मतदारसंघातून अवघ्या १९ मतांनी पडले. (तरी ते मुख्यमंत्री झाले आणि पोटनिवडणुकीतून सभेत आले, ती गोष्ट निराळी.) एकोणीस म्हणजे एका चाळीच्या एका मजल्यावरची माणसे! अलीकडे, २०२४ साली, मालेगाव मध्य मतदारसंघाचा निकालही १६२ मतांवर लागला. माझ्या एका मताने काय होणार, असे म्हणणाऱ्या शेजारणीला मी हे दोन आकडे ऐकवते.

मतदारसंघांचे आकारही बदलत गेले. आरंभी काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडत, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जाती किंवा जमातींपैकी. १९६१ च्या कायद्याने ती पद्धत गेली. १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागा होत्या, १९६७ साली २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. २००८ च्या फेररचनेत त्यांतल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी राखल्या गेल्या. २०२४ साली राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते, म्हणजे एका आमदारामागे सरासरी सव्वातीन लाखांहून अधिक माणसे.

इतक्या माणसांचे गाऱ्हाणे एका बाईला मांडता येईल काय, असे विचारणारे आजही भेटतात. त्यांना मृणालताई गोरे यांचे नाव सांगावे. गोरेगावात नळाला पाणी नव्हते, तेव्हा त्यांनी बायकांना घेऊन हंड्यांचे मोर्चे काढले आणि लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ साली मालाडमधून विधानसभेत. त्याच वर्षी महागाईविरुद्ध त्यांनी आणि अहिल्याताई रांगणेकर आदींनी बायकांच्या हाती लाटणी देऊन रस्त्यावर आणले. जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या, आणि २००७ साली राष्ट्रपती.

पण अशा किती? २०१९ साली २८८ मध्ये २४ स्त्रिया निवडून आल्या, आणि २०२४ साली तेवढ्याही आल्या नाहीत. उलट ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद पाहा. महाराष्ट्राने तेथे १९९० साली स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या, पुढे घटनादुरुस्तीने एकतृतीयांश झाल्या, २०११ साली निम्म्या. तेथे बायका कारभार करतातच ना? विधानसभा आणि लोकसभेत एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ च्या सप्टेंबरात संमत झाली, पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना आणि मग जागा, अशी तिला अट घातलेली होती. जेवायचे बोलावणे आले, पण चूल पेटायची होती.

तोवर यादी आपल्या हाती आहे. २०२४ च्या यादीत राज्यात पुरुष पाच कोटी आणि स्त्रिया सुमारे ४ कोटी ७० लाख होत्या. मुळात स्त्रियांची संख्याच कमी, हे एक कारण आहेच. पण लग्न होऊन आलेल्या सुनांचे काय होते, तेही आपण पाहतो. माहेरच्या यादीतले नाव सासरी आणायला कोणाला सवड नसते. निवडणुकीच्या दिवशी ती बाई दोन्हीकडे परकी.

म्हणून यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने आपल्या भागाची यादी आणून वाचायचे ठरवले आहे. नव्याने नाव घालायचे असेल तर नमुना सहा, पत्ता बदलायचा किंवा नाव दुरुस्त करायचे असेल तर नमुना आठ. दोन्ही अर्ज वाणाच्या टेबलाशेजारी ठेवलेले असतील. येताना आधारकार्डाची प्रत, पासपोर्ट आकाराचा एक फोटो आणि जुने मतदार ओळखपत्र असेल तर तेही आणावे, आणि ज्यांच्या घरी अठरा पुरी झालेली मुलगी किंवा नवी सून आहे त्यांनी तिलाही बरोबर आणावे.