ओळखीच्या कोंबड्या

१९२१ च्या मे महिन्यात जर्मनीतील ग्राइफस्वाल्ड विद्यापीठात एक प्रबंध सादर झाला. त्याच्या जर्मन शीर्षकाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'घरगुती कोंबडी, तिच्या दैनंदिन जीवनात' असा होईल. विद्यापीठीय प्रबंधाला असे साधे, जवळजवळ घरगुती नाव क्वचितच लाभते. प्रबंधकर्ता थोरलीफ शेल्डरुप-एब्बे हा सत्तावीस वर्षांच्या आतला नॉर्वेजियन तरुण होता. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, जर्मनीतील एका मानसशास्त्रीय नियतकालिकात त्याचा कोंबड्यांच्या समाजजीवनावरील दीर्घ लेख आला आणि त्यातून जगाला एक शब्द मिळाला. त्या जर्मन शब्दाचे इंग्रजी रूप, म्हणजे 'पेकिंग ऑर्डर', आज कचेऱ्यांपासून राजकीय अग्रलेखांपर्यंत सर्वत्र फिरते आहे. ऑल्डस हक्सलीच्या 'पॉइंट काउंटर पॉइंट' या १९२८ च्या कादंबरीतही ते आढळते. म्हणजे शास्त्रीय नियतकालिकातून ललित वाङ्मयात यायला या शब्दाला पुरती दहा वर्षेही लागली नाहीत. शब्द टिकला, कोंबड्या मात्र विस्मरणात गेल्या. प्रस्तुत लेखाचा विषय त्या कोंबड्या आहेत.

थोरलीफचा जन्म १८९४ चा. आई मेंगा शेल्डरुप आणि वडील आक्सेल एब्बे दोघेही शिल्पकार. उन्हाळ्यात हे कुटुंब शहर सोडून खेड्यावर राहायला जाई आणि तिथल्या अंगणात कोंबड्या असत. बहुतेक मुले पिल्लांशी चार दिवस खेळतात आणि विसरतात. हा मुलगा विसरला नाही. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्याने आपल्या कोंबड्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्याच नोंदींचा काही भाग पुढे त्याच्या प्रबंधाचा आधार ठरला. शिल्पकारांच्या घरातल्या मुलाला चेहरे ओळखण्याची सवय लवकर लागली असेल काय, असा एक विचार मनात येतो. तो इथेच सोडून देतो. पण चेहरे ओळखता येणे ही या साऱ्या शोधाची पहिली अट होती, यात शंका नाही.

आपल्याकडे कोकणातल्या कोणत्याही जुन्या घरातील आजीला हे निराळे सांगावे लागणार नाही. तिच्या दृष्टीने 'कोंबड्या' असे काही नसतेच. मान उघडी असलेली असते, तुरा एका बाजूला पडलेली असते, दुसऱ्याच्या गवताच्या उडवीत अंडी घालून येणारी असते, वर्षातून चार वेळा खुडूक बसणारी असते. संध्याकाळी खुराड्याचे दार लावताना ती संख्या मोजत नाही. कोण आलेली नाही ते तिला दिसते. थोरलीफने केले ते एवढेच, फक्त त्याने ते कागदावर उतरवले.

त्यासाठी किती चिकाटी लागते याचा हिशेब करून पाहावा. दहा कोंबड्यांच्या कळपात दोघी-दोघींच्या पंचेचाळीस जोड्या होतात. वीस कोंबड्या असतील तर एकशे नव्वद. यातल्या प्रत्येक जोडीत कोण कोणाला टोचते आणि कोण निमूटपणे बाजूला होते, हे पाहायचे. शिवाय एकदाच पाहून भागत नाही. सकाळी खुराडे उघडल्यावर, दाणे टाकल्यावर, दुपारी ऊन असलेल्या मातीत पंख पसरून धूळ अंगावर घेताना, अंडे घालायच्या आवडत्या कोपऱ्यासाठी दोघी एकाच वेळी आल्या म्हणजे, आणि तिन्हीसांजेला दांडीवरची जागा पकडताना, अशा दिवसभरातल्या निरनिराळ्या प्रसंगी पाहावे लागते. अनोळखी माणसाला या अंगणात नुसती धावपळ दिसेल. त्यात भांडणेही फारशी दिसणार नाहीत, कारण क्रम एकदा ठरला की प्रत्यक्ष टोचण्याची वेळ क्वचित येते. वरचढ कोंबडीने मान जराशी उंचावली, एक पाऊल पुढे टाकले, की दुसरी दाण्यावरून हटते. ज्याला त्या दोघी वेगवेगळ्या दिसत नाहीत त्याला हे हटणेही दिसणार नाही.

चोचीच्या या नोंदींच्याही आधी त्याने आवाजाच्या नोंदी केल्या होत्या. १९१३ साली, एकोणीस वर्षांचाही होण्याच्या सुमारास, त्याने 'नातूरेन' या नॉर्वेजियन नियतकालिकात कोंबड्यांच्या आवाजावर लेख लिहिला. अंडे घातल्यानंतरचा कलकलाट, पिल्लांना दाण्याकडे बोलावणारी हाक, घार दिसल्यावरचा इशारा, खुडूक कोंबडीची कुरकुर हे सारे वेगवेगळे आवाज आहेत, हे घरी कोंबड्या असणाऱ्या कोणालाही माहीत असते. त्यावर लेख लिहावा असे मात्र वाटत नाही.

आता त्या प्रसिद्ध क्रमाकडे. शेल्डरुप-एब्बेचे मूळ निरीक्षण जोडीविषयीचे आहे. कोणत्याही दोन कोंबड्या प्रथम भेटल्या की त्यांच्यातले वर-खाली ठरते. कधी झुंज होऊन, कधी एकीने आधीच कच खाल्ल्याने. ठरल्यावर ते बराच काळ टिकते. लहान कळपात या जोड्या बहुधा अशा जुळतात की सर्वांना टोचणारी एक, सर्वांकडून टोचून घेणारी एक, आणि मधल्या बाकीच्या, अशी सरळ ओळ तयार होते. लोकांनी उचलली ती हीच ओळ. परंतु त्याच्या वहीत त्रिकोणही होते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीला! हे असे का व्हावे? कारण प्रत्येक जोडीचा निकाल त्या त्या दिवशी, त्या दोघींपुरता लागलेला असतो. पहिली-तिसरीची गाठ पडली तेव्हा पहिली कदाचित आजारी होती, पिसे गळण्याच्या दिवसांत होती, किंवा परक्या अंगणात नव्याने आलेली होती. त्या दुबळ्या क्षणाची आठवण दोघींनीही ठेवली. म्हणजे ज्याला आपण क्रम म्हणतो तो कोणा सत्तेने वरून लादलेला नसतो. अनेक छोट्या छोट्या चरित्रांची ती बेरीज असते.

शब्दाची खरी गंमत, आणि अडचणही, मराठीत आणताना कळते. 'पेकिंग ऑर्डर'साठी आपल्या लेखनात सर्रास 'उतरंड' हा शब्द येतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या मडक्यांचे हे चित्र सुंदर आहे, पण ते कोंबड्यांना लागू पडत नाही. उतरंडीत सर्वांत खालचे मडके सर्वांचा भार वाहते आणि ते काढले तर वरची सगळी कोसळतात. कळपातली सर्वांत खालची कोंबडी काढून घ्या. काहीच कोसळत नाही, तिच्या वरची खालची होते इतकेच. आणि त्रिकोणाची तर उतरंड रचताच येत नाही. 'टोचक्रम' असा शब्द करता येईल. तो कानाला जरा खटकतो, पण निदान खोटे चित्र उभे करत नाही.

हा केवळ भाषांतराचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण 'उतरंड' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पुढचा शब्द जात हा येतो. डॉ. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिच्यात आणि टोचक्रमात वरवर साम्य आहे: वरचा दाबतो, आणि दाबलेल्यालाही दाबायला खाली कोणी उरते. हे साम्य पाहून 'निसर्गातच असे आहे' असे म्हणण्याचा मोह होतो, आणि गप्पांच्या ओघात तसे म्हणणारे विद्वानही भेटतात. त्यांनी अंगणात येऊन बसावे. पहिल्या क्रमांकाच्या कोंबडीच्या पिल्लाला आईची जागा वारशाने मिळत नाही. पिल्ले काही आठवड्यांची झाली की आपापसांत आपला क्रम नव्याने ठरवतात. पिल्ले घेऊन हिंडणारी कोंबडी एरवी ज्यांच्यापुढे दबते त्यांच्यावरही झेपावते. दुखणे, वय, पिसे गळणे, नवे अंगण यांपैकी काहीही घडले तरी क्रम हलू शकतो. जन्माने ठरणारी, पिढ्यान्‌पिढ्या न हलणारी आणि धर्मग्रंथांचा आधार घेणारी रचना कोंबड्यांना माहीत नाही. ती माणसांचीच आहे.

खुद्द शेल्डरुप-एब्बेही या मोहातून सुटला नाही, हे नमूद करायला हवे. १९३५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सामाजिक मानसशास्त्राच्या एका मोठ्या संदर्भग्रंथात पक्ष्यांच्या समाजावर त्याचे प्रकरण आहे. तिथे तो जुलूम हे एकूण जीवसृष्टीचेच मूलतत्त्व असल्यासारखे लिहितो. अंगणाच्या कुंपणाबाहेर पडताच त्याचे लेखन सैल होते. ज्याने तीन कोंबड्यांचा त्रिकोण इतक्या प्रामाणिकपणे टिपला, त्याने सगळ्या जगाची सरळ ओळ मांडावी याचे वाईट वाटते.

त्याच्या या कडवटपणाला कदाचित स्वतःच्या अनुभवाची किनार असेल. नॉर्वेत त्याची सुरुवात चांगली झाली होती. देशातल्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक, प्राणिशास्त्रज्ञ क्रिस्तिने बोन्नेव्ही या प्रारंभी त्याच्या पाठीशी होत्या. पुढे त्यांच्यावर बोचरी टीका करणारा एक लेख प्रसिद्ध झाला, तो याचाच असा समज पसरला आणि संबंध तुटले. मायदेशातील विद्यापीठात त्याला हवे ते स्थान मग कधीच मिळाले नाही. पदवीही परदेशातून घ्यावी लागली. विद्यापीठाच्या अंगणातला टोचक्रम त्याला असा भेटला, ही कोटी त्याच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण करतो. मीही केली. १९७६ साली तो वारला तेव्हा त्याचा शब्द सर्वांच्या तोंडी होता.

पुढचे काम अमेरिकेत झाले. शिकागोच्या वॉर्डर ॲली यांच्या परंपरेतील गूल या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९५३ साली कोंबड्यांचे रूप मुद्दाम बदलून पाहिले. डोके आणि तुरा यांचे रूप पुरेसे बदलले, की कालपर्यंतच्या सोबतिणी त्या कोंबडीशी परकीसारख्या वागू लागत. एकमेकींना ओळखण्यासाठी त्या डोक्याकडेच पाहतात, हे यातून दिसले. म्हणजे खेड्यावरच्या घरातला मुलगा ज्या चेहऱ्यांवर विसंबून होता, त्यांवरच त्याच्या कोंबड्याही विसंबून होत्या.

या काळात कोंबडीचे स्वतःचे दिवस मात्र पालटत होते. १९२३ साली अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील सीलिया स्टील या शेतकरी बाईंनी पन्नास पिल्ले मागवली, चुकून पाचशे आली, आणि त्यांनी ती परत न करता मांसासाठी वाढवून विकली. मांसासाठीच्या कुक्कुटपालन उद्योगाच्या जन्माची म्हणून ही कथा सांगितली जाते. तारखा पाहाव्यात: कोंबड्या एकमेकींना व्यक्ती म्हणून ओळखतात हे सांगणारा लेख १९२२ चा, आणि त्या ज्या गर्दीत एकमेकींना ओळखूच शकणार नाहीत तिची सुरुवात १९२३ ची. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये टोचक्रमाचे काय होते, हा प्रश्न नंतरच्या अभ्यासकांनी हाताळला. अपेक्षा अशी की सतत अनोळखी तोंडे समोर येणार, तर सतत झुंजी होणार. पण मोठ्या कळपांवरील अभ्यासांत, त्यांतला एक महत्त्वाचा २००३ चा, उलटे आढळले. मोठ्या कळपात कोंबड्या एकमेकींना कमी टोचतात. ज्यांच्याशी पुन्हा गाठ पडण्याचा संभव नाही त्यांच्याशी क्रम ठरवण्यात अर्थ उरत नाही. त्या नुसत्या सहन करतात. टोचायलासुद्धा आधी ओळख लागते.

आता एक कोंबडी राहिली. ती कोणत्याही कळपात नव्हती, आणि तिच्यासाठी चारशेहून अधिक वर्षे मागे, इटलीत जावे लागेल. बोलोन्याचा निसर्गशास्त्रज्ञ उलिस्से आल्द्रोव्हांदी याच्या पक्षिविषयक ग्रंथाचा दुसरा खंड १६०० साली निघाला. त्यात कोंबड्यांवर एवढा मजकूर आहे की एल. आर. लिंड यांनी केलेले त्या भागाचे इंग्रजी भाषांतर १९६३ साली स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाले. प्राचीनांची मते, म्हणी, औषधे, पाककृती, शकुन, विकृत पिल्लांची चित्रे, असे सारे तिथे गोळा केलेले आहे. उबवायला ठेवलेल्या अंड्यांतले रोज एक फोडून आतला गर्भ कसा वाढतो हे पाहिल्याचा वृत्तांतही आहे. म्हणजे हा मनुष्य भाबडा पक्षिप्रेमी नव्हता. आणि या पसाऱ्यात मध्येच तो आपल्या खेड्यावरच्या घरी वाढवलेल्या एका कोंबडीची हकिकत सांगतो. ती दुसऱ्या कोंबड्यांवाचून एकटीच दिवसभर घरभर हिंडत असे. रात्र झाली की मात्र त्याच्याजवळ, पुस्तकांमध्येच झोपायला येई, दुसरीकडे कुठेही नाही. आणि पुस्तकांतही तिला मोठमोठे ग्रंथच लागत.