बिनशंखाची गोगलगाय

2004 साली लिंक्सिसने अमेरिकेत एक चपटी डबी बाजारात आणली. नाव एनएसएलयू2. मागे दोन यूएसबी पोर्ट आणि नेटवर्कचं एक पोर्ट, बस्स. डिस्क जोडायची आणि घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरनी ती वापरायची, एवढंच तिचं काम. किंमत शंभर डॉलरच्या आत, पंखा नाही, वीज नावापुरती. नावातल्या अक्षरांवरून लोक तिला 'स्लग' म्हणू लागले, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. नाव शोभायचंही. प्रोसेसर इंटेलचा, 266 मेगाहर्ट्झचा, पण सुरुवातीच्या डब्यांत तो 133 वरच चालवलेला! बोर्डावरचा एक चिमुकला रेझिस्टर काढला की वेग दुप्पट. आता हे कळल्यावर इंजिनियर माणूस गप्प बसेल का?

पण खरी गंमत वेगळीच. ही डबी मुळात लिनक्सवरच चालायची, आणि लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो की यंत्रातून ते विकलंत तर त्याचा सोर्सही द्या. डब्ल्यूआरटी54जी राउटरच्या वेळी, 2003 मध्ये, लोकांनी तगादा लावल्यावर लिंक्सिसला सोर्स खुला करावा लागला होता. स्लगचाही मिळाला. मग हौशी मंडळींनी आधी 'अनस्लंग' केलं, म्हणजे कंपनीचंच सॉफ्टवेअर ठेवून वर आपली भर. नंतर 'ओपनस्लग', त्यात कंपनीचं सगळंच काढून टाकलं.

एप्रिल 2007 मध्ये डेबियन 4.0 आलं आणि स्लगवर अख्खं डेबियन बसवायची सोय झाली. इथे मात्र गाडी अडली. प्रोसेसरमधला नेटवर्कचा भाग चालायला इंटेलचा मायक्रोकोड लागायचा. तो मुक्त नव्हता, म्हणून डेबियनने आपल्या नियमाप्रमाणे तो अधिकृत इमेजमध्ये घातला नाही. आणि या डबीला ना पडदा, ना कीबोर्ड. आत शिरायची वाट एकच, नेटवर्कची! म्हणजे घर बांधलं आणि दारच बसवलं नाही. (डेबियनवाल्यांचा हट्ट मला पटतो, पण त्या दिवसांत वैताग यायचाच.) शेवटी मायक्रोकोड घातलेली अनधिकृत इमेज लोक दुसरीकडून आणत.

पुढचं सगळं अंदाजाने. पेनाच्या टोकाने रिसेटचं बटण दाबून धरून डबी चालू करायची, दिवा लाल झाला की सोडायचं. मग नेटवर्कवरून इमेज आत ढकलायची, एसएसएचने शिरायचं. नाव 'installer' ऐवजी देवनागरीत लिहायचं तर इन्स्टॉलर, पासवर्ड इन्स्टॉल. मेमरी जेमतेम 32 एमबी, त्यामुळे काम तासन्‌तास चाले. रात्री लावून झोपावं हे उत्तम.

2008 मध्ये लिंक्सिसने डबी बंद केली. 2011 मध्ये आलेलं डेबियन 6 तिच्यावर बसत होतं.